सब्बल, फळी, कप्पी, जॅक : साधी यंत्रं मोजायला शिका

होळी झाली की नागपुरात माळ्यावर पडलेले कूलर हलायला लागतात. लोखंडी बॉडीचा कूलर जिन्यातून वर नेताना भिंतीचा रंग खरवडतो आणि कोणाची तरी बोटं चेंगरतात. मग कोणीतरी सुचवतं, दोर बांधून गॅलरीतून ओढून घेऊ. दोर नुसता ओढायचा की कप्पीवरून? कप्पी एक की दोन? आणि ज्या कडीला कप्पी टांगणार ती कडी तेवढं वजन झेलेल का?

याची उत्तरं दोन मोजमापं आणि एका भागाकारात मिळतात. आठवी-नववीतल्या मुलांना, आयटीआय किंवा पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला आलेल्यांना आणि घरात हातोडी-पाना वापरणाऱ्या कोणालाही जमेल असं हे गणित आहे. सूत्रं पाठ करण्यापेक्षा एकदा स्वतः मोजून पाहा, कारण यात मुलं अडतात ती गणितात नाही, नेमकं काय मोजायचं इथे अडतात.

सामान

रद्दीवाला वापरतो तसा हुकाचा, हातात धरून लटकवायचा डिजिटल काटा घ्या, ५० किलोपर्यंतचा. एक मेजर टेप, चांगला दोर आणि बेअरिंगच्या दोन कप्प्या. हे सगळं इतवारीत हार्डवेअरच्या दुकानांत मिळतं. कप्पी घेताना चाक हाताने फिरवून बघा. जे चाक दुकानातच अडखळतं ते वजनाखाली सुधारणार नाही.

काटा किलो दाखवतो आणि पुस्तकात बल न्यूटनमध्ये असतं. किलोच्या आकड्याला ९.८ ने गुणलं की न्यूटन मिळतात. आपल्याला मुख्यतः गुणोत्तरं काढायची आहेत, वर-खाली दोन्हीकडे ९.८ असल्याने ते कटतं. म्हणून खाली बल सरळ किलोतच लिहिलं आहे. परीक्षेच्या पेपरात मात्र असं करू नका, मार्क जातील.

तीन आकडे

यांत्रिक फायदा = भार ÷ लावलेलं बल
वेग गुणोत्तर = बलाने कापलेलं अंतर ÷ भाराने कापलेलं अंतर
कार्यक्षमता = यांत्रिक फायदा ÷ वेग गुणोत्तर × १००

पॉलिटेक्निकची मुलं पहिल्या दोघांना एमए आणि व्हीआर म्हणतात. यातला यांत्रिक फायदा काट्यावरून मिळतो आणि वेग गुणोत्तर टेपवरून. हा फरक डोक्यात पक्का बसला की निम्मं काम झालं. वेग गुणोत्तर यंत्राच्या बांधणीत ठरतं. तेल घाला, गंज चढू द्या, भार दुप्पट करा, ते हलत नाही. यांत्रिक फायदा मात्र तेल, गंज, धूळ, भार सगळ्यांनी बदलतो. दोघांमधली तफावत म्हणजे घर्षणाने आणि यंत्राच्या स्वतःच्या वजनाने खाल्लेला वाटा.

यामागचं कारण एका ओळीचं आहे. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, आणि यंत्रातून जेवढं कार्य बाहेर पडतं तेवढं किंवा त्याहून जास्त आपल्याला आत घालावं लागतं. बल तिपटीने कमी लागलं तर हात तिप्पट अंतर हलवावा लागणार. यंत्राने निसर्गाला फसवता येत नाही, हे गॅलिलिओने १६०० च्या सुमारास नीट मांडलं होतं. तरी आजही कमी ताकदीत जास्त काम देणाऱ्या यंत्राचा व्हिडिओ आठवड्याला एखादा फोनवर येतोच. तिथे हात किती फिरला ते बघा.

आकडा कधी वाचायचा तेही महत्त्वाचं. भार जागचा हलताना काट्यावर मोठा आकडा झटकन येऊन जातो, कारण थांबलेल्या वस्तूचं घर्षण जास्त असतं. तो लिहायचा नाही. भार संथ, एका गतीने वर जात असताना काटा जिथे स्थिरावतो तो आकडा लिहा.

सब्बल : कार्यक्षमता शंभराच्या वर गेली तर

अंगणातला पायरीचा जुना दगड सरकवायचा आहे, २४० किलोचा धरू. त्याची एक कड जमिनीवरच राहणार आणि दुसरी आपण उचलणार, म्हणून सब्बलीच्या टोकावर निम्माच, १२० किलो भार येतो. बहुतेक जण इथेच घसरतात आणि गणितात आख्खा दगड उचलतात.

सब्बल १५० सेंमी लांब, टोकापासून १५ सेंमीवर टेकू. टेकूला वीट घेऊ नका, फुटते. जाड लाकडी ठोकळा घ्या. टेकूपासून भारापर्यंतचं अंतर म्हणजे भारभुजा १५, टेकूपासून हातापर्यंतचं अंतर म्हणजे बलभुजा १३५. दुसरीला पहिलीने भागलं की वेग गुणोत्तर ९. भार गुणिले भारभुजा बरोबर बल गुणिले बलभुजा, या हिशेबाने १२० × १५ = १८००, भागिले १३५, म्हणजे १३.३ किलो जोर लागायला हवा.

आता सब्बलीच्या दुसऱ्या टोकाला काटा अडकवून दांड्याशी काटकोनात खाली ओढा. काटा १०.७ च्या आसपास थांबेल. यांत्रिक फायदा १२० ÷ १०.७ = ११.२, वेग गुणोत्तर ९, आणि कार्यक्षमता जवळपास १२५ टक्के!

असं उत्तर आलं की वही मिटायची नाही. शंभराच्या वर कार्यक्षमता म्हणजे एखादं बल हिशेबात धरायचं राहून गेलं आहे. इथे ते सब्बलीचं स्वतःचं वजन आहे. २५ मिमी जाडीची दीड मीटर सब्बल साधारण ६ किलो भरते. हे वजन तिच्या मध्यावर, ७५ सेंमीवर आहे असं समजायचं, म्हणजे टेकूपासून ६० सेंमी आणि तेही आपल्या बाजूला. ६ × ६० = ३६० एवढी मदत सब्बल स्वतःच करते आहे. १८०० मधून ३६० वजा करून १३५ ने भागा, १०.७ येतं. हिशेब जुळला. जड सब्बल उचलून न्यायला त्रासाची असली तरी दगड उचकटायला बरी वाटते, त्यातला काही भाग हा आहे.

सब्बल म्हणजे टेकू मध्ये असलेली तरफ. तरफेचे बाकीचे दोन प्रकार स्वयंपाकघरात आहेत. अडकित्त्यात टेकू एका टोकाला, सुपारी मध्ये आणि हात दुसऱ्या टोकाला असतो, म्हणून जोर नेहमीच वाचतो. चिमट्यात बल मध्ये लागतं, यांत्रिक फायदा एकाहून कमी असतो. चिमट्याने जोर वाचत नाही, पोळी भाजताना बोटं वाचतात, आणि बोटांच्या थोड्याशा हालचालीत टोकं भरपूर हलतात.

कप्पी : कडीवर किती भार येतो ते आधी बघा

कूलरमधलं पाणी काढा, गवत काढा, पंपाची वायर सोडवा. उरलेल्या कूलरचं वजन ४० किलो धरू, गॅलरी साडेतीन मीटर उंच.

पहिली रीत एकाच स्थिर कप्पीची. दोर कप्पीवरून घेऊन खालून ओढायचा. हात एक मीटर ओढतो तेव्हा कूलर एक मीटरच चढतो, वेग गुणोत्तर १. काटा ४४ किलो दाखवत असेल तर यांत्रिक फायदा ०.९१ आणि कार्यक्षमता ९१ टक्के. म्हणजे कूलरच्या वजनापेक्षाही जास्त जोर लागला. मग ही कप्पी लावायची कशाला? कारण वर ओढण्याऐवजी खाली ओढता येतं आणि आपल्या अंगाचं वजन कामाला येतं. विहिरीवरच्या गडगडीचं हेच काम.

पण वरच्या कडीकडे बघा. एका बाजूने कूलर ४० किलोने खाली खेचतो, दुसऱ्या बाजूने तुम्ही ४४ किलोने. कडीवर एकूण ८४ किलो. वर उभं राहून हाताने दोर ओढला असता तर ४० च झाले असते, आणि तेही कडीवर नाही, तुमच्या हातांवर. ४० किलोचा कूलर आहे, गॅलरीचं ग्रिल सहज झेलेल, असं म्हणणाऱ्याने हा आकडा आधी मांडावा. खिडकीच्या ग्रिलला कप्पी टांगू नये. स्लॅबमधला हुक किंवा आडवा भक्कम लोखंडी पाइपच घ्यावा. आणि कूलर अधांतरी असताना त्याखाली कोणीही नको, सूचना देणारे काकासुद्धा नकोत.

दुसरी रीत दोन कप्प्यांची. दोराचं एक टोक वरच्या हुकाला बांधा, दोर खाली आणून कूलरला लावलेल्या चल कप्पीखालून फिरवा, वर नेऊन स्थिर कप्पीवरून पुन्हा खाली घ्या. कूलर आता दोन दोरांवर लटकला आहे, म्हणून वेग गुणोत्तर २. कितीही कप्प्या असल्या तरी मोजायचे ते फक्त चल कप्पीला उचलून धरणारे दोर. हातातला दोर स्थिर कप्पीवरून खाली येत असेल तर तो मोजायचा नाही. मुलं तो धरतात आणि उत्तर ३ काढतात.

काटा २४ किलोवर स्थिरावला असं समजा. यांत्रिक फायदा ४० ÷ २४ = १.६७, कार्यक्षमता ८३ टक्के. कूलर साडेतीन मीटर चढायला दोर सात मीटर ओढावा लागेल, म्हणून दोर विकत घेतानाच लांब घ्या. कार्याचा हिशेब असा : बाहेर पडलं ४० × ९.८ × ३.५, म्हणजे १३७२ जूल. आत घातलं २४ × ९.८ × ७, सुमारे १६४६ जूल. मधले २७४ जूल कप्प्यांच्या आसांत, दोराच्या वळण्यात आणि चल कप्पीला तिच्या वजनासकट वर नेण्यात गेले.

वरच्या कडीवर येणारा भार या रीतीत ४० आणि २४ मिळून ६४ किलो, शिवाय कप्प्यांचं वजन. कार्यक्षमता पहिल्या रीतीपेक्षा कमी, तरी कडीवरचा ताण आणि हातावरचा जोर दोन्ही कमी. दोन कप्प्यांवर थांबावं असं माझं मत. घरच्या कामाला तिसरी-चौथी लावली की दोर एकमेकांत गुंततो आणि वाचवलेला जोर गाठी सोडवण्यात जातो.

फळी : उतरणीचं गणित

कळमना बाजारात गाड्या भरताना-उतरवताना बघितलं की उतरण समजते. ट्रकची पाटी १.२ मीटर उंच आणि फळी ३.६ मीटर लांब, तर वेग गुणोत्तर ३. इथे फळीची तिरकी लांबी घ्यायची, जमिनीवरचं आडवं अंतर नाही. संत्र्यांचे २० किलोचे तीन क्रेट एकावर एक, एकूण ६० किलो. घर्षण नसतं तर २० किलोच्या जोराने ते वर गेले असते.

क्रेट फळीवरून घासत ओढले आणि घर्षणांक (फळीवरच्या दाबाच्या किती पट घर्षण, तो आकडा) ०.३ धरला तर सुमारे ३७ किलो जोर लागतो. यांत्रिक फायदा १.६२, कार्यक्षमता ५४ टक्के. तेच क्रेट चाकांच्या ट्रॉलीवर ठेवून नेले आणि काट्यावर २२ किलो आले तर यांत्रिक फायदा २.७३, कार्यक्षमता ९१ टक्के. फळी तीच, म्हणून वेग गुणोत्तर तेच ३. ट्रॉलीचं वजन भारात धरलेलं नाही, ती जड असेल तर धरा.

सिमेंटच्या रस्त्यांनी नागपुरातली कितीतरी घरं रस्त्यापेक्षा खाली गेली आणि फाटकापाशी स्कूटर चढवायला उतार करणं आलं. उंची ४५ सेंमी, उतार दीड मीटर, स्कूटर ११० किलो : वेग गुणोत्तर ३.३, कमीत कमी ३३ किलोची ढकल. आजी-आजोबांना रोज ते जमणार नाही. व्हीलचेअरसाठी उंचीच्या बारापट लांब उतार करतात, म्हणजे इथे ५.४ मीटर. अंगणात तेवढी जागा नसते, म्हणून मिस्त्री आखूड उतार करून मोकळा होतो. त्याला कामाच्या आधी हा आकडा सांगा.

पाचर म्हणजे हलती उतरण. लांबीला जाडीने भागलं की तिचं वेग गुणोत्तर मिळतं, पण घर्षण इतकं की कागदावरचं उत्तर हातात येत नाही. चाक आणि आस यांत मोठी त्रिज्या भागिले लहान त्रिज्या. ४० सेंमीचं हँडल आणि १० सेंमी त्रिज्येचं रूळ, तर ४.

स्क्रू जॅक : कमी कार्यक्षमतेचा उपयोग

स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण. हँडलचा एक फेरा झाला की भार एका आट्याने, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधल्या अंतराएवढा चढतो. हँडल ३५ सेंमी आणि आटा ६ मिमी असेल तर हात २ × ३.१४ × ३५०, म्हणजे २१९८ मिमी फिरतो आणि भार ६ मिमी चढतो. वेग गुणोत्तर ३६६. सेंमी आणि मिमीची सरमिसळ इथे हमखास होते, दोन्ही आधी मिमीत करून घ्या.

१००० किलोला घर्षणाशिवाय पावणेतीन किलोचा जोर पुरला असता. प्रत्यक्षात १० किलो लागला असं धरा. यांत्रिक फायदा १००, कार्यक्षमता २७ टक्के. दहापैकी सव्वासात किलो जोर घर्षणात जातोय, तर हे यंत्र वाईट म्हणायचं का?

हँडल सोडून बघा. गाडी खाली येत नाही. चढवताना शंभरातले २७ भाग भाराला मिळाले आणि ७३ घर्षणाने खाल्ले. सोडल्यावर भार आपले २७ घेऊन उलटा फिरवायला बघतो, पण वाटेत घर्षण त्याच्याहून मोठं आहे. म्हणून कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या खाली असलेलं यंत्र भाराने आपोआप उलट फिरत नाही, आणि वर असलेलं फिरू शकतं. वरचे ५४ टक्केवाले क्रेट हात सोडला तर फळीवरून घसरतात, ते याचमुळे. जॅकच्या आट्यांना ग्रीस लावावं, गंज लागला तर दांडा अडकतो. पण जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, घोडी (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) लावायचीच.

कारच्या डिकीत मिळणाऱ्या कात्रीसारख्या जॅकला हे सूत्र लावू नका. त्याचे पाय जसे उभे होत जातात तसं वेग गुणोत्तर बदलतं, त्यामुळे पहिले काही फेरे जड आणि नंतरचे हलके लागतात.

एका वाचनावर थांबू नका

चार दोरांचा कप्पीसंच घ्या, वेग गुणोत्तर ४. भार १०, २०, ३०, ४० किलो असा वाढवत न्या आणि प्रत्येक वेळी बल लिहा. समजा असे आकडे आले :

भार १० : बल ४.५, कार्यक्षमता ५६ टक्के
भार २० : बल ७.५, कार्यक्षमता ६७ टक्के
भार ३० : बल १०.५, कार्यक्षमता ७१ टक्के
भार ४० : बल १३.५, कार्यक्षमता ७४ टक्के

हे मांडणीसाठी घेतलेले साफ आकडे आहेत. तुमचे थोडे इकडे-तिकडे होतील, आणि अजिबात झाले नाहीत तर सर विचारतील कोणाच्या जर्नलमधून उतरवले. आलेखकागदावर भार आडवा आणि बल उभं घेऊन बिंदू टाका, पट्टीने मधून सरळ रेघ ओढा. रेघ उभ्या अक्षाला १.५ वर कापते आणि भार एक किलोने वाढला की ०.३ ने चढते :

बल = ०.३ × भार + १.५

याला यंत्राचा नियम म्हणतात. १.५ हा भार नसतानाही लागणारा जोर, रिकाम्या कप्प्या हलवायला. हलक्या भारावर कार्यक्षमता कमी दिसते ती याच्यामुळे, कारण हा ठरलेला खर्च थोड्याच किलोंवर पडतो. भार वाढवत नेला की यांत्रिक फायदा १ ÷ ०.३, म्हणजे ३.३३ च्या जवळ जातो, पण तिथे पोचत नाही. ३.३३ ÷ ४ म्हणजे ८३ टक्के, या संचाची हीच कमाल मर्यादा. म्हणून कोणी एखाद्या यंत्राची कार्यक्षमता सांगितली तर किती भारावर, हे विचारा.

हाच संच पावसाळ्यानंतर पुन्हा मोजला तर रेघेवरून बिघाडही शोधता येतो. रेघ तिरपी अधिक झाली, म्हणजे ०.३ चे ०.३५ झाले, तर भाराबरोबर वाढणारं घर्षण वाढलं आहे : आस कोरडे पडलेत किंवा दोर कडक झालाय. तिरपेपणा तोच राहून रेघ सगळीच वर सरकली तर भार नसतानाही काहीतरी घासतंय. चाक चौकटीला एका बाजूने लागतंय का, आधी तिथे बघा.